पिकअपवाल्याची विजेची बाराखडी

ज्यांनी आयुष्याची दहा-पंधरा वर्षं पिकअपच्या स्टिअरिंगमागे काढली आणि आता मुलाच्या, सुनेच्या किंवा डिझेलच्या भावाच्या आग्रहाखातर विजेची मोटार घ्यायचं ठरवलं, अशा नवशिक्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. लेखकाची पात्रता एवढीच, की त्याने नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून बारा वर्षं क्रेट वाहिले आणि गेलं दीड वर्ष तो हिरव्या पाटीच्या गाडीत बसून लोकांच्या चौकशांना उत्तरं देतो आहे. ज्यांच्याकडे आधीपासून साधी मोटार आहे त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. त्यांच्या गाडीला हौदा नव्हता, त्यामुळे त्यांचं काही सुटणार नाही.

पाठ पहिला : पिकअप विकणे

फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या करा. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी घ्या, नसेल फिटलं तर आधी फेडा. जुना फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर गिऱ्हाईक तिकडे टोलनाके ओलांडेल आणि मेसेज तुमच्या मोबाईलवर येत राहतील. मग सीटच्या मागे हात घाला. तिथे मार्केटच्या जुन्या पट्ट्या, एकच चप्पल, अर्धा रोल सुतळी आणि कुठल्या तरी दसऱ्याचा वाळलेला नारळ सापडेल. हे सगळं गिऱ्हाइकाला देऊन टाका.

ताडपत्री देऊ नका. तो मागेल, तरी देऊ नका.

पाठ दुसरा : डावा पाय

विजेच्या गाडीला क्लच नाही. शोरूममधला मुलगा हे सांगतो, तुम्ही मान डोलावता. पण डाव्या पायाला कोणी काही सांगितलेलं नसतं. पहिला स्पीडब्रेकर दिसला की तो सवयीने उठतो, क्लच शोधतो, आणि हाताशी म्हणजे पायाशी ब्रेकचं रुंद पेडल आलं की मुळापर्यंत दाबतो. क्लच मुळापर्यंत दाबायचा असतो. ब्रेक तसा दाबला की मागच्या सीटवरच्या मावशींच्या मांडीवरला पेढ्यांचा पुडा पुढच्या काचेवर येतो. मावशी नंतर आठ दिवस बोलत नाहीत.

उपाय : पहिला आठवडा डावी चप्पल घरी ठेवावी. अनवाणी पाय जरा भीत भीत वागतो.

दुसरी अडचण सेल्फ मारण्याची. बटण दाबल्यावर काही होत नाही. घरघर नाही, थरथर नाही, आरशात धूर नाही. खाली उतरून बॉनेटवर हात ठेवू नका. मी ठेवला होता. समोरच्या पडद्यावर ‘रेडी’ असं बारीक अक्षरांत उमटलेलं असतं, आणि पिकअपवाल्याला अक्षरांवर विश्वास ठेवून गाडी चालवायची सवय नसते. त्याला गाडी बुडाला कळते. माल किती भरला हे आम्ही वजनकाट्यावर कमी आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर जास्त मोजलं. मोकळी पिकअप खड्ड्यात उधळते, पंच्याहत्तर क्रेट, म्हणजे दीड टन, भरले की शहाण्यासारखी चालते. नव्या गाडीत चौघं बसले काय आणि एकटा बसला काय, बुडाला काही कळत नाही. हे दुःख कंपनीच्या माहितीपुस्तकात नाही, म्हणून इथे नोंदवलं.

पाठ तिसरा : अ‍ॅव्हरेज

चहाच्या टपरीवर गाडी उभी केली की पहिला प्रश्न येतो, “अ‍ॅव्हरेज किती देते?” याला उत्तर तयार ठेवावं लागतं, कारण प्रश्न डिझेलचा आहे आणि गाडी विजेची.

आधी स्वतः समजून घ्या. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. पिकअपची टाकी ६० लिटरची धरली तर तुम्ही ६०० युनिट पोटात घेऊन फिरत होता. माझ्या नव्या गाडीची बॅटरी २४ युनिटची आहे. म्हणजे कंपनीने मला अडीच लिटर डिझेलची बाटली दिली. अडीच लिटरवर पिकअप मंचरला जाऊन परत येताना अर्ध्या वाटेत बसली असती. ही गाडी तेवढ्यावर दोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. कागदावर याहून बराच मोठा आकडा असतो, पण तो चाचणीतला असतो. तिथे खड्डे नसतात आणि मागे मावशी नसतात.

मग उरलेलं डिझेल इतकी वर्षं जात कुठे होतं? उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून. इंजिनात जाळलेल्या डिझेलचा निम्म्याहून कितीतरी जास्त भाग असाच जातो. थंडीत पहाटे वाशी मार्केटला बॉनेटवर हात शेकत आपण गप्पा मारायचो ना, ती आपल्याच पैशाने पेटवलेली शेकोटी होती.

टपरीवर हे सगळं सांगत बसू नका. ‘महिन्याला हजार किलोमीटर, दीडशे युनिट’ एवढंच सांगा. मात्र घरी हिशोब करताना लक्षात असू द्या, की महावितरणच्या घरगुती दराला १००, ३०० आणि ५०० युनिटवर पायऱ्या आहेत. घरचे दीडशे आणि गाडीचे दीडशे मिळून तुम्ही बरोबर तिसऱ्या पायरीच्या तोंडाशी येऊन उभे राहता. त्यानंतर घरात फ्रीज उघडा ठेवणाऱ्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघू लागता.

पाठ चौथा : अर्थिंग

हा पाठ नीट वाचा. बाकीचे विसरलात तरी चालतील.

पुस्तकात लिहिलेलं असतं, की सोबत आलेला चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटला लावा, रात्रभर ठेवा, सकाळी गाडी भरलेली मिळेल. मी लावला. लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल. शोरूमला फोन केला तर तिकडून विचारलं, “घराला अर्थिंग आहे ना?”

“आहे की,” मी म्हणालो. कोणीही असंच म्हणतो. अर्थिंग आपल्याकडे कुळाचारासारखं असतं, आहे हे सगळ्यांना माहीत, कुठे आहे ते कोणालाच नाही.

वायरमनला बोलावलं. त्याने मीटरच्या बोर्डातून निघालेली हिरवी वायर धरली आणि तिच्या मागे मागे निघाला. वायर भिंतीवरून मागच्या पडवीत गेली, तिथून न्हाणीघरात, आणि तिथे ती नळाच्या पाइपाला तीन वेढे देऊन बांधलेली होती. लोखंडी पाइपाला बांधली तेव्हा ती जमिनीत जात होती. तीन वर्षांपूर्वी आम्ही पाइप प्लास्टिकचा बसवला आणि प्लंबरने मोठ्या आदराने वायर परत होती तशीच बांधून ठेवली.

“दादा,” वायरमन म्हणाला, “तुमच्या मिक्सरला, गीझरला, टीव्हीला हे चाललं. ही गाडी शिकलेली आहे. ती चालवून घेणार नाही.”

या टप्प्यावर नवशिक्याची नजर विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीकडे जाते. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपाला राज्यात बिल माफ आहे आणि पेटी गोठ्यापासून वीस पावलांवर आहे. नजर आवरा. शेतीच्या जोडणीवर गाडी भरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये बसणारा अनधिकृत वापर आहे. शिवाय ती लाइन आठ तास येते आणि कोणत्या आठ तासांत येते ते आठवड्यागणिक बदलतं. आकडा टाकण्याबद्दल मी काही लिहीत नाही. तो ज्याला टाकता येतो त्याला मार्गदर्शनाची गरज नसते.

शेवटी अंगणात कमरेच्या वर खोल खड्डा खणला. खाली पत्रा, त्यावर कोळसा आणि मिठाचे थर, वायर पक्की, वर छोटं तोंड. वायरमनने बजावलं, की इथली माती ओली राहिली पाहिजे, विशेषतः उन्हाळ्यात. हे काम कोण रोज न चुकता करेल याचा घरात विचार झाला. आई तुळशीला पाणी घालते, तिलाच सांगितलं, की उरलेला अर्धा तांब्या इकडे. ती आता दोन्हीकडे नमस्कार करते. हिरवा दिवा त्या दिवसापासून लागतो. आणखी एक गोष्ट झाली. गीझरच्या नळाला हात लावला की इतकी वर्षं जी झिणझिणी यायची, ती थंडीची नव्हती, हे आम्हाला कळलं.

पूरक सूचना : साध्या सॉकेटवर रिकामी गाडी भरायला आठ-नऊ तास लागतात, त्यामुळे मध्यरात्री दिवा हिरवा आहे ना हे बघायला जावंसं वाटतं. जायचंच असेल तर हातात बॅटरी घ्या. ही वेगळी बॅटरी. आणि जुन्नर तालुक्यात राहत असाल तर काठी घेऊन, मोठ्याने खोकत जा. बिबट्याला विजेच्या गाडीचं काही वाटत नाही, पण तुमचं काही सांगता येत नाही.

पाठ पाचवा : घाट

पिकअपवर आपण सगळ्यांनी एक पाप केलं आहे, डिझेल वाचवायला माळशेज न्यूट्रलमध्ये उतरलो आहोत. ब्रेक तापल्याचा वास अजून नाकात आहे. विजेच्या गाडीत हे पाप केलं तर नुकसान दुप्पट होतं, कारण इथे उतार म्हणजे कमाई. पाय उचलला की मोटरच जनित्र होते, गाडीला मागे ओढते आणि वीज बॅटरीत परत टाकते.

किती परत मिळतं याबद्दल पारावर फार थापा चालतात, म्हणून हिशोब देतो. माणसांसकट दीड टनाची गाडी बोरघाटाइतकी, म्हणजे सुमारे ५०० मीटर, वर उचलायला २ युनिट लागतात. सपाट रस्त्यावरचे पंधरा-सोळा किलोमीटर गेले. उतरताना यातला काही भाग परत येतो, सगळा कधीच नाही. ‘खंडाळ्याहून खोपोलीला गेलो आणि बॅटरी वाढली’ असं कोणी सांगितलं तर ते खरं आहे. ‘त्यावरच मुंबई केली’ असं सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर सकाळी पूर्ण शंभर टक्के भरून उतरू नका. भरल्या हंड्यात आणखी पाणी ओतता येत नाही. बॅटरीत जागा नसेल तर गाडी मागे ओढत नाही आणि सगळा भार पुन्हा साध्या ब्रेकवर येतो.

पाठ सहावा : वाट बघणे

हमरस्त्यावरच्या मोठ्या चार्जरचं जे तोंड गाडीला लावतात, त्याला गन म्हणतात. ती लावली की दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत माझी गाडी तासाभरात जाते. पुढच्या वीस टक्क्यांना मात्र ती कंटाळते. एसटीत पहिले चाळीस प्रवासी पाच मिनिटांत चढतात आणि शेवटचे दहा ‘जरा सरका’ करत तेवढाच वेळ घेतात, तसं हे आहे. ऐंशीला गन काढा आणि निघा. मागे कोणी थांबलेलं असतं.

मोबाईलमध्ये पाच-सहा अ‍ॅप ठेवा. एक मशीन बंद असेल, दुसऱ्यासमोर कोणाची तरी डिझेलची गाडी सावली बघून लावलेली असेल, तिसरं चालू असेल पण तुमचे पैसे चौथ्याच्या पाकिटात पडून असतील. तासभर बसायची सवय आपल्याला आहेच. मार्केटला लिलाव होईपर्यंत आपण रात्र रात्र बसलो आहोत. फरक इतकाच, की तेव्हा हौद्यात क्रेटांवर पाय पसरून झोपता यायचं.

टोलबद्दल : २०२५ च्या राज्याच्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना माफी आहे. पुणे-नाशिक राष्ट्रीय महामार्ग त्यात नाही. त्यामुळे आपल्या नाक्यावर हिरवी पाटी दाखवून हुज्जत घालू नका, मागचे हॉर्न वाजवतात.

कोंबड्या, कुत्री आणि पेपर वाचत चालणारे निवृत्त गुरुजी या गाडीचा आवाज येत नाही म्हणून हलत नाहीत. खिडकी उघडून बोला.

पाठ शेवटचा : गाव

पिकअप कागदोपत्री आपल्या नावावर असते, एवढंच. तिच्यातून कोणाची लग्नाची कपाटं गेली, कोणाचं वऱ्हाड गेलं, मंडळाचा गणपती दरवर्षी गेला, एकदा रात्री बाळंतीण गेली. डिझेलचे पैसे द्यायचं कधी कोणाला आठवलं, कधी नाही. पिकअप विकल्याचं तुम्ही घरच्यांना सांगाल, गाडी पूजेला आणाल, पेढे वाटाल. तरी रात्री अकरा वाजता अंगणात हाक येईल, “आहे का गाडी?”

या वेळी ठाम राहायचं. ‘पिकअप विकली’ एवढं म्हणून थांबू नका, त्यावर समोरचा ‘बरं, मग दुसरी आहे ना’ म्हणतो. दार उघडून बाहेर या, गाडीला एक फेरी मारून दाखवा. “बघा आप्पा, हौदाच नाही. म्हैस कुठे उभी करू?”

आप्पा खरोखर फेरी मारतील. डिकी उघडायला लावतील, मागची सीट पुढे पाडायला लावतील, वितीने मोजतील. मग टॉवेल खांद्यावर टाकून म्हणतील, “म्हैस नाय रे. सकाळी व्यायली, ती चांगली आहे. रेडकू उठंना. ओतूरच्या डॉक्टरांपर्यंत.”

यावर नाही म्हणायचं वाक्य मला अजून सापडलेलं नाही. सापडलं की पुढच्या आवृत्तीत देईन. तोपर्यंतची रीत अशी : पहिल्या पाठातली ताडपत्री काढा. दुहेरी घडी करून मागे अंथरा, कडा दारापर्यंत आणा, त्यावर थोडं काड टाका. रेडकाचं डोकं आप्पांच्या मांडीवर ठेवा. रस्ता खराब असला तर तीसच्या वर जाऊ नका, डावा पाय सीटखाली दुमडून ठेवा. एसी पंचवीसवर असू द्या. तेवढ्या अंतरात रेंजला फारसा फरक पडत नाही.