नदीने टाळलेला समुद्र

गोदावरीचं एक वागणं आमच्या आत्याला कधीच पटलेलं नाही. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर ती जन्माला येते, तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून जेमतेम 80 किलोमीटरवर असतो. पण बाईंनी त्याच्याकडे जी पाठ फिरवली ती फिरवलीच. नाशिक, पैठण, आमचं शहागड, नांदेड करत 1,465 किलोमीटरची पायपीट केली आणि थेट आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळाल्या. पठाराचा उतार पूर्वेकडे आहे, असं भूगोलाचे मास्तर सांगतात. आत्या म्हणते, "उताराचं राहू द्या. जवळचा सोडून कुणी एवढ्या लांब जातं का? कायतरी जुनं भांडण असंल."

त्यामुळे आम्ही अलिबागला निघालो ते तिच्या लेखी सोयरीक मोडलेल्या घरी जेवायला जाण्यासारखंच होतं.

तसा किनारा आम्हाला नवा नाही. शहागडच्या पुलाच्या अलीकडे जालना, पलीकडे बीड आणि मधे गोदामाय. पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले की धुळे-सोलापूर महामार्गावरचा हा पूलच आमची चौपाटी होतो. लोक मोटारसायकली लावून पाणी बघत उभे राहतात. उन्हाळ्यात वाळूच वाळू. चौपाटीला लागतं ते सगळं असतं, फक्त पाणी नसतं. ती वाळूसुद्धा रात्रीतून कमी होत जाते आणि तिला भरती काही येत नाही.

अलिबागला पोचलो तो दिवस एकादशीचा निघाला. आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे पापलेट-सुरमईचा प्रश्न तिच्यापुरता कायमचाच मिटलेला. त्या दिवशी तिने आमचाही मिटवला. समुद्राकडे तोंड करून आम्ही घरून आणलेले राजगिऱ्याचे लाडू खाल्ले. शेजारच्या खानावळीतून तळणीचा वास येत होता. पुतण्याने दोनदा विचारलं, "बारस कधी लागते?"

एकादशीचा फायदा मात्र झाला. कुलाबा किल्ला भर समुद्रात, पण ओहोटीला तिथे चालत जाता येतं. ओहोटी कधी, असं घोडागाडीवाल्याला विचारलं तर त्याने उलट विचारलं, "आज तिथी कोणती?" कोकणातला हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठला पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, सव्वादोनच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. आत्या हरखली. आयुष्यभर तिने पंचांग उपासाला आणि श्राद्धाला वापरलं. इथे त्याच्यावर समुद्र चालत होता. "मंग हा बी वारकरीच म्हणायचा," ती म्हणाली आणि मोडलेली सोयरीक तिथेच थोडी सांधली गेली.

काळ्या, घट्ट वाळूवरून आम्ही चालत गेलो. किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केलं, ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे हे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून ते घ्यायचा प्रयत्न केला आणि हात हलवत परत गेले. पुतण्याला हे ऐकून फार बरं वाटलं. दोन बलाढ्य मंडळींनी युती केली की समोरचा हरतोच असं नाही, एवढं राजकारण आमच्याकडे पोरांनाही कळतं. तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांच्यावर 1849 साल आणि यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव कोरलेलं आहे. राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. हे सगळं आत्याने हात जोडून, पण भराभर पाहिलं.

ती थांबली गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी. चहूकडे खारं पाणी आणि मधे ही विहीर. आंग्र्यांचं आरमार, त्या तोफा, तो तट यांच्यापेक्षा हा पराक्रम तिला मोठा वाटला. मलाही वाटला. लातूरला 2016 मध्ये आगगाडीने पाणी न्यावं लागलं, त्या मुलखातल्या माणसाने किल्ल्याची ताकद तोफा मोजून कशी ठरवावी?

परतताना चुंबकीय वेधशाळेवरून गेलो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला हलवलं. पृथ्वीच्या चुंबकत्वातला बारीकसा फरकही इथे टिपतात, त्यामुळे वेधगृहाच्या बांधकामात लोखंड वापरलेलं नाही. मी बाहेरूनच नमस्कार केला. आमच्या जालन्याचं निम्मं पोट सळईवर चालतं. आम्हा लोखंडवाल्यांना त्या फाटकाजवळ उभं राहू देतात हाच मोठेपणा.

अलिबागकरांना मात्र स्वतःची वेगळी चिंता आहे. 'अलिबाग से आया है क्या' या वाक्यावर बंदी घाला, अशी मागणी 2019 मध्ये उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ती फेटाळली. मला त्यांचा हेवा वाटला. कुणी निदान चेष्टेत तरी त्यांच्या गावाचं नाव घेतं. शहागड म्हटलं की 'म्हणजे कुठं?' आणि मग संभाजीनगरपासून बीडपर्यंतचा रस्ता हातवारे करून दाखवावा लागतो.

संध्याकाळी रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा विकणाऱ्या मावशींपाशी आत्या बसली ती उठेचना. आधी भाव झाला, मग सुना झाल्या. शेवटी आत्याने समुद्राकडे बोट करून विचारलं, "एवढं पाणी तुमच्या दारात, तुम्हाला काय कमी?"

मावशी म्हणाल्या, "ते काय प्यायचंय होय? आमच्या वाडीत नळ दिवसाआड येतो."

"दिवसाआड?" आत्याच्या डोळ्यांत आदर उतरला. "बाई, चैन हाय की तुमची!" आणि तिने भाव न करता आणखी एक माळ घेतली.