शेंबीचा भाव

शिरूरकडं भाद्रपदी पोळा जवळ आला की पितळ आपला बाजारभाव विसरतं. एरवी किलोवर जाणारा हा धातू बैलाच्या शिंगावर शेंबी म्हणून चढणार म्हटलं, की मोल ठरतं कारागिराच्या नावावर. शेंबी वाकडी निघाली तर 'हातकाम आहे, जरा डावं-उजवं व्हायचंच'. सरळ निघाली तर 'मशीनची दिसते', म्हणजे गेली तिची इज्जत! घासाघीस करणारा हौशी नव्हेच, तो व्यापारी. त्यात १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला. मग हौसेला कसला लगाम? बैलानं बाभळीला शिंग घासल्यावर शेंबी टिकते का, ही खरी परीक्षा. पण ती घ्यायला धजतो कोण? दौंडच्या ऊसपट्ट्यात नांगरट ट्रॅक्टर करतो, नटायला तेवढा बैल.

आयटीतला पोरगा या खर्चाला हसतो. त्यानं स्वतः कीबोर्डच्या एका बटणासाठी रेझिनची, हातानं घडवलेली टोपी परदेशातून मागवलीय. विकत घेण्याचा मान सोडतीत मिळाला म्हणून पेढेही वाटले. म्हातारा टोपी उलटसुलट करून विचारतो, "एकच? जोडी नाही मिळाली?"