तर्रीचा अर्ज

स्वित्झर्लंडमध्ये शॅम्पेन नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षं लावतात, वाइन करतात. पण २००४ पासून त्यांना स्वतःच्या गावाचं नाव स्वतःच्या बाटलीवर छापता येत नाही, कारण त्या नावावर फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांताचा हक्क ठरला. नागपुरात ही हकिकत सांगितली की ऐकणारा हमखास म्हणतो, "काहून? गाव त्यायचंच आहे ना जी?"

आम्हीही आता नावांच्या बाबतीत सावध झालो आहोत. टेक्सासच्या राईसटेक कंपनीने १९९७ मध्ये बासमतीच्या वाणांवर अमेरिकेत पेटंट मिळवलं, तेव्हा देश खडबडून उठला. गावच्या मालावरचं गावाचं नाव राखणारा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००३ मध्ये लागू झाला. नागपूरच्या संत्र्याला ते मानांकन मिळालं, आमच्या जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीलाही मिळालं. इथली नोंदणी इथपुरतीच असते. परदेशात नाव राखायचं तर त्या त्या देशाचं दार पुन्हा ठोठावावं लागतं. तरी सुरुवात झाली, हे काय कमी!

आता मला काळजी आहे ती आमच्या झणझणीत सावजी रश्श्याची. उद्या एखाद्या परदेशी कंपनीने लाल पाण्याच्या बाटलीवर 'सावजी सॉस' असं छापलं, तर? वेळीच अर्ज करायला हवा, या विचाराने मी मनातल्या मनात तो भरायला घेतला आणि तिथंच फसलो.

संत्र्याचं बरं होतं. ते झाडावर उघड्यावर लटकतं, त्याच्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पदार्थाच्या अर्जात करण्याची पद्धत सविस्तर लिहावी लागते, आणि मानांकनाचं जर्नल ती सगळ्या जगाला वाचायला देतं. सावजीचं तर सगळं वैभवच न सांगण्यात! मसाले किती, विचाराल तर कोणी बत्तीस सांगतो, कोणी नुसता हसतो. खसखस आणि दगडफूल इथवर सारे बोलतात, जवसाच्या तेलाची आठवण काढतात. पुढे मात्र कढईवर झाकण पडतं. प्रमाण काय? "अंदाजानं टाकतो जी." हा 'अंदाज' सरकारी रकान्यात किती ग्रॅम लिहायचा?

पुढचा रकाना इतिहासाचा. तो मात्र भरता येतो. सावजी ही हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातली चव. हातमाग थंडावत गेले तशा कित्येक घरच्या चुली भोजनालयाच्या चुली झाल्या. म्हणजे मटणाच्या रश्श्याइतकंच पाटोडीच्या रश्श्यातही एका कष्टकरी समाजाचं पोट तरलेलं आहे. नाव राखायचं ते यासाठी. परदेशी बाटलीचा राग मला तिच्या चवीमुळे येणार नाही, ती विकली जाताना त्या घरांत एक रुपयाही पोचणार नाही म्हणून येईल. आणि खरं सांगायचं तर त्यासाठी टेक्सासपर्यंत जायलाही नको. कोणत्याही हायवेवर, ज्याला नागपुरातली इतवारी कुठे आहे तेही ठाऊक नाही असा माणूस 'अस्सल नागपुरी सावजी' अशी पाटी लावून बसलेला असतो. त्याच्याकडे रस्सा लाल असतो, पण जेवून उठल्यावर घाम येत नाही.

कायद्याची एक गोष्ट मला फार आवडली. हा हक्क एकट्या माणसाच्या नावावर होत नाही, उत्पादकांची संघटना किंवा त्यांच्या वतीने एखादी कायदेशीर संस्था लागते. मालकी सगळ्यांची. तेव्हा नागपुरातल्या समस्त सावजी भोजनालयांनी एकत्र यावं, घटना लिहावी, अध्यक्ष निवडावा, असं माझं प्रामाणिक मत आहे. पद्धतीचा रकाना कसा भरायचा यावरही ते काहीतरी तोड काढतील. अडचण मला एकच दिसते. पहिल्याच बैठकीत दुपारचं जेवण कोणाच्या भोजनालयातून मागवायचं, यावर संघटना फुटेल.