एकूण किती?

दुचाकीच्या शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला. हप्ता किती बसेल? सेल्समनही त्याच प्रश्नाची वाट बघत असतो. सगळं मिळून किती भरायचे, हे विचारणारं गिऱ्हाईक आलं तर त्याला आधी कॅल्क्युलेटर शोधावा लागतो.

एक लाखाचं कर्ज, दहा टक्के ‘फ्लॅट’ व्याज, मुदत तीन वर्षं. व्याज झालं तीस हजार, हप्ता ३,६११ रुपये. दहाच टक्के ना? मग घ्या, म्हणत सही होते.

पण मुद्दल दर महिन्याला फिटत असतं त्याचं काय? दीड वर्षानंतर तुमच्याकडे कर्ज देणाऱ्याचे साधारण निम्मे पैसे उरलेले असतात. व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पुऱ्या लाखावर चालू. हाच हिशेब घटत्या शिलकीवर मांडला, तर दर निघतो जवळजवळ अठरा टक्के.

दहाचे अठरा झाले आणि सही करणाऱ्याला पत्ता नाही.

यात लपवाछपवी शोधायला जाऊ नका. आकडा कागदावर असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना आणि वित्तसंस्थांना एक वेगळं पत्रक द्यायला लावलं आहे. त्यात प्रक्रिया शुल्क वगैरे सगळं धरून वर्षाचा खरा दर ‘एपीआर’ या नावाने छापावा लागतो. एकच आकडा. तो समजायला टक्केवारी यावी लागते, आणि ती तर आठवीच्या आत शिकवून झालेली असते.

शिकवून झालेली असते. आली का, हे कोण बघतं?

‘असर’ या शैक्षणिक पाहणीने बघितलं. २०२३ च्या अहवालासाठी ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितलं. ४३.३ टक्क्यांना जमलं. ज्यांना किमान वजाबाकी येत होती, त्यांना रोजच्या व्यवहारातली गणितं दिली. सूट वजा करून किंमत सांगणारे निघाले सुमारे ३७ टक्के. कर्जाची परतफेड किती होईल, हे सांगणारे? जेमतेम दहा टक्के.

उरलेले नव्वद टक्के उद्या हप्ताच विचारणार.

पाठ्यपुस्तकाला दोष देऊन सुटता येणार नाही. महाराष्ट्राच्या दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं अख्खं प्रकरण आहे. जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड, सगळं त्यात आहे. चांगलं प्रकरण आहे. क्लासमध्ये त्याबद्दल एकच चौकशी होते. किती मार्कांना?

कपड्यांच्या दुकानावर पाटी असते, ‘५० टक्के + २० टक्के सूट’. वाचणारा मनात सत्तर धरतो. हजाराचा शर्ट पाचशेला आला, पाचशेचे वीस टक्के शंभर, शर्ट पडला चारशेला. सूट साठ टक्के. दोनावर एक फुकट म्हणजे ३३ टक्के सूट, तीही तुम्हाला तीन हवे असतील तर. दोनच हवे होते ना?

दुकानातली चूक शे-दोनशेची. घर बांधायला काढा, मग कळेल.

वाळू, खडी, मुरूम, सगळा व्यवहार ब्रासवर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दारात ट्रॉली उभी राहते आणि ड्रायव्हर सांगतो, “एक ब्रास आहे, दादा.” टेप लावा. लांबी दहा फूट, रुंदी सहा, मालाची उंची दीड. दहा सक साठ, साठाची दीडपट नव्वद. दहा घनफूट कमी! अशा दहा ट्रॉल्या आल्या की पुऱ्या एका ब्रासचे पैसे हवेत गेले. टेप लावणाऱ्याच्या दारात दुसऱ्या खेपेपासून माल काठोकाठ भरून येतो, हे कुठल्याही मिस्त्रीला विचारा.

तोच मिस्त्री पाया आखताना एका दोरीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरलं की कोपरा काटकोनात. घरमालकाचा मुलगा हेच पायथागोरसचं प्रमेय परीक्षेत सिद्ध करून आलेला असतो. तरी बाप म्हणतो, मिस्त्रीचा हात बसलाय. हात नाही हो, गणित पक्कं आहे त्याचं!

“गणित नको म्हणून नर्सिंगला घातलं,” असं सांगणारे पालक भेटतात. त्यांनी एकदा वॉर्डात उभं राहावं. पाचशे मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचं आहे, सेट एका मिलिलिटरला वीस थेंबांचा. दहा हजार थेंब, २४० मिनिटं. मिनिटाला साधारण ४२ थेंब. हा भागाकार सिस्टर पहाटे तीन वाजता करते, पेशंट बदलला की पुन्हा करते. तिथे निम्मे मार्क देणारं कुणी नसतं.

आणि हे फक्त सिस्टरपुरतं नाही. डॉक्टरांनी दहा किलोच्या बाळाला तापासाठी पॅरासिटामॉलचं १५० मिलिग्रॅम सांगितलं. घरात बाटली कुठली आहे? पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमवाली असेल तर सहा मिलिलिटर द्यायचं. २५०वाली असेल तर तीनच. औषध तेच, लेबलवरचा बारीक आकडा वेगळा. मागच्या वेळी एक चमचा दिला होता म्हणून याही वेळी एक चमचा, हे चालत नाही. मापाच्या टोपणावर रेघा असतात, त्या बघण्यासाठीच.

शेतात तर मापांचा गोंधळच. खताची शिफारस हेक्टरी, जमीन एकरात, युरियाची गोणी ४५ किलोची, गोणीत नत्र ४६ टक्के. हेक्टरी शंभर किलो नत्र सांगितलं असेल तर एकरी आलं चाळीस. त्यासाठी युरिया लागेल ८७ किलो, म्हणजे दोन गोण्यांना थोडा कमीच. पण बांधाशेजारच्याने तीन टाकल्या, म्हणून आपणही तीन. तिसऱ्या गोणीचे पैसे गेले. नत्र जास्त झालं, पीक लुसलुशीत झालं, मावा-तुडतुडे आले. मग त्यांच्या फवारणीचे पैसे वेगळे.

“मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे की!” आहे. पण कशाला कशाने गुणायचं, हे त्याला कोण सांगणार? आणि एक शून्य जास्त दाबलं गेलं तर उत्तर चुकलंय, हे कशावरून ओळखणार? त्यासाठी डोक्यात आधी अंदाज हवा. उत्तर चारशेच्या आसपास यायला हवं, चार हजार कसं आलं, एवढं खटकायला हवं.

आधीच्या पिढ्या पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी, थेट साडेतीनची औटकी पाठ करायच्या. बाजार पाव-अर्ध्याच्या हिशेबाने चालायचा, म्हणून शाळेतही तेच घोकून घ्यायचे. आजचा बाजार टक्क्यांवर चालतो. व्याज टक्क्यांत, सूट टक्क्यांत, पगारवाढ टक्क्यांत. मग टक्केवारी तोंडी घोटून घेणारी शाळा कुठे आहे? दहा टक्के काढायला दहाने भागलं, पाच टक्के त्याच्या निम्मे, अडीच टक्के त्याच्याही निम्मे. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं घोकून घ्या, पोरं बापाला दुकानात थांबवतील.

थांबवायला हवंच आहे. गल्लीत एजंट फिरतोय आणि त्याची स्कीम तीन वर्षांत पैसे दुप्पट करून देते.

पैसे किती वर्षांत दुप्पट होतील, याचा सोपा अंदाज आहे. ७२ ला व्याजदराने भागायचं. पोस्टाच्या किसान विकास पत्राचा एप्रिल २०२३ मध्ये ठरलेला दर साडेसात टक्के. ७२ भागिले साडेसात, ९.६ वर्षं. योजनेच्या कागदावर छापलेली मुदत आहे ११५ महिने. गुणून बघा, बरोबर जुळतं.

आता एजंटचा हिशेब. ७२ भागिले तीन, वर्षाला २४ टक्के. काटेकोर मांडला तर २६. पोस्ट साडेसात देतं, हा त्याच्या तिपटीहून जास्त देणार. कुठल्या धंद्यातून? हे त्याला चहा येण्याआधी विचारा, आणि आकड्यांत उत्तर मिळेपर्यंत आजीची एफडी मोडू देऊ नका.