सीबीआर किती आला?

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनकडे निघालं की पूर्णेच्या काठाला केदारखेडा लागतं. रानात कापूस, सोयाबीन, मका आणि गोठ्यात दोन-चार जनावरं, असा इकडचा संसार. या टापूत दशांश चिन्हावरून भांडणाच्या जागा ठरलेल्या आहेत. एक दूध संकलन केंद्र, दुसरा वजनकाटा. तिसरी जागा खरं तर दशांशासाठीच बांधलेली असते. तिथे काचेची उपकरणं, तक्ते, नियम, सगळं हजर असतं. पण ज्युनियर कॉलेजच्या त्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत दशांशावरून कुणाचा आवाज चढल्याचं ऐकिवात नाही.

सकाळी केंद्रावर मात्र कान द्यावा. "फॅट किती लागली?" हा प्रश्न इथे तब्येतीच्या चौकशीआधी येतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) धरून बांधलेला असतो. त्याखाली एकेक पॉइंट घसरला, की पैसे कापले जातात. पॉइंट म्हणजे टक्क्याचा दहावा भाग. सहावीत दशांश अपूर्णांकांना घाबरून शाळा सोडलेला माणूससुद्धा ३.५ आणि ३.३ यांतला फरक पंधरवड्याच्या बिलापर्यंत तोंडी नेऊन दाखवतो, आणि त्याचं उत्तर चुकत नाही.

आता बहुतेक केंद्रांवर यंत्र आलंय. दूध ठेवलं की आकडे उमटतात. पण यंत्रावर संशय आला, की जुनी गर्बर पद्धत बाहेर निघते. निक्लाउस गर्बर या स्विस माणसाने ती १८९१ मध्ये बसवली. ब्युटिरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध, वर १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की आम्ल दुधातली प्रथिनं विरघळवून टाकतं आणि नळी हाताला चटका देते. मग ती चार-पाच मिनिटं यंत्रात गरगर फिरवायची, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि वर आलेला फॅटचा थर नळीवरच्या रेघांवर वाचायचा. ही नळी हातात धरून वाद घालणाऱ्या मामांना आपण परिमाणात्मक विश्लेषण करतोय याची कल्पना नसते. असती, तर त्यांनी त्याचेही पैसे मागितले असते.

यातला १०.७५ हा आकडा कुणी लहरीने ठरवलेला नाही. नळीवरच्या रेघा तेवढ्याच दुधासाठी आखलेल्या आहेत. पिपेट पाऊण मिलीने अपुरी भरली, म्हणजे १० मिलीच दूध घेतलं, तर ३.५ फॅटचं दूध ३.२६ दाखवतं. गाय तीच, चारा तोच, आणि दोन पॉइंट पिपेटीत गेले. म्हणून इथला शेतकरी पिपेट भरणाऱ्याच्या बोटाकडे टक लावून बघतो.

वजनकाट्यावर तीच तऱ्हा. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. २०२४ च्या खरिपात केंद्र सरकारने तो १५ पर्यंत चालवून घेतला, आणि तीन टक्क्यांनी किती घरांत दिवाळी झाली याचा हिशेब मराठवाड्यात पारापारावर मांडला गेला. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात लागते आणि १२ च्या पुढे गेला की गाडी परत फिरते. मीटरची सुई कोणत्या बोंडात खुपसली, पोत्याच्या तळाशी की तोंडाशी, यावर तास तास जातो. नमुना प्रातिनिधिक असावा, हा विश्लेषण रसायनशास्त्रातला पहिला धडा. शेतकरी तो पोत्यावर उभा राहून शिकवतो.

अशा घरातला मुलगा सकाळी केंद्रावर भांडून, कॅन धुऊन, दहाच्या सुमाराला प्रयोगशाळेत पोचतो आणि एकदम संत होतो.

समोर बारावीचा नेहमीचा प्रयोग मांडलेला असतो. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट. शंकूपात्रात पिपेटने घेतलेलं १० मिली मोहर सॉल्ट आणि सौम्य सल्फ्युरिक आम्ल. थेंब थेंब सोडत जायचं. फिका गुलाबी रंग आला आणि टिकला, की थांबायचं. मोहर सॉल्ट ०.१ मोलर असेल, म्हणजे २५० मिलीत ९.८ ग्रॅम, आणि परमँगनेट ०.०२ मोलर, तर बरोबर १०.० मिली लागायला हवं. ब्युरेटवर ०.१ मिलीची रेघ असते. एका रेघेची चूक म्हणजे एक टक्का, आणि रेघ चुकवण्याच्या वाटा पुष्कळ. नळीच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकतो. तोटी गळते. डोळा रेघेच्या पातळीवर न ठेवता उभ्यानेच वाचलं, की आकडा सरकतो. परमँगनेट इतकं गडद, की खालची वक्र कड दिसतच नाही, वरची धरावी लागते. शेवटचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलीचा, तो जास्त पडला की शंकूपात्राचं जांभूळ सरबत होतं.

एवढी विघ्नं असताना बॅचमधल्या यच्चयावत मुलांचं उत्तर एक येतं, कारण ते ब्युरेटमधून येतच नाही. ते शेजारच्या टेबलावरून येतं. "सीबीआर किती आला रे?" सीबीआर म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, तीनदा करून जुळलेला आकडा. पहिल्या टेबलावरच्या हुशार मुलीला ९.८ आला, की पाच मिनिटांत तो खिडकीपर्यंत पोचतो. खिडकीपाशी बसलेल्याच्या ब्युरेटची तोटी अजून उघडलेली नसते, पण वहीत शून्य ते ९.८, शून्य ते ९.८, शून्य ते ९.८ अशा तीन ओळी वळणदार अक्षरात उतरलेल्या असतात. ज्या मुलाला सकाळी एका पॉइंटपायी अन्न गोड लागलं नव्हतं, तो इथे दोन रेघा जगाला दान करतो.

वजन करतानाही तेच औदार्य. दोन पारड्यांच्या तराजूला काचेचं कपाट असतं ते वाऱ्यासाठी. त्याचं दार उघडं ठेवून डोक्यावर पंखा लावला, की काटा काही ठरत नाही. वजनं चिमट्याने उचलायची, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो. कॉस्टिक सोडा तर पावसाळ्यात तराजूवर बसल्या बसल्या हवेतलं पाणी ओढतो. वजन संपेपर्यंत तो वाढतच असतो. तोलून झाल्यावर मुलं अचूक ४.००० ग्रॅम लिहितात. तीनही शून्यं स्वतःच्या पदरची.

मग गणित. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालतं. दहाला दहाने भागायलासुद्धा चार आकडी लॉग काढून, वजा करून, अँटिलॉग पाहणारे महाभाग प्रत्येक बॅचला असतात. घरी जर्नल लिहिताना मोबाइल मदतीला येतो आणि औदार्याची भरपाई होते. ९.८ मिलीवरून परमँगनेटची तीव्रता ०.०२०४०८१६ मोलर निघते. मोजलेत दोन सार्थ अंक आणि लिहिलेत सात. दुधाच्या बिलात कुणी ३.५ फॅटचे ३.५०००००० असे पैसे लावले असते, तर त्याला गावाने येड्यात काढलं असतं.

लॉर्ड रॅले या बॅचमध्ये नव्हते, ही विज्ञानावर झालेली मोठीच कृपा. इंग्लंडात ते नायट्रोजन तोलत होते. हवेतून काढलेल्या नायट्रोजनचं लिटरमागे वजन भरलं १.२५७२ ग्रॅम, रसायनांतून बनवलेल्याचं १.२५०५. फरक जेमतेम अर्धा टक्का. शेजारच्या टेबलावर विचारून ते १.२५ लिहून मोकळे झाले असते, तर सगळ्यांचा सीबीआर जुळला असता. त्यांनी उलट १८९२ मध्ये 'नेचर'मध्ये पत्र छापून, माझे दोन आकडे जुळत नाहीत, कुणाला कारण सुचतंय का, असं जगाला विचारलं. विल्यम रॅम्झींबरोबर ते कारण १८९४ मध्ये सापडलं : हवेत अरगॉन नावाचा एक वायू तोपर्यंत कुणाच्या लक्षात न येता बसला होता. १९०४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, रॅलेंना भौतिकीचं आणि रॅम्झींना रसायनाचं.

त्या अरगॉनचे सिलिंडर जालन्याच्या एमआयडीसीतही भेटतात. इथे भंगार वितळवून सळई बनते. वितळलेल्या लोखंडाचा नमुना घेऊन त्यावर ठिणगी पाडतात आणि तिच्या प्रकाशावरून कार्बन, गंधक, फॉस्फरस किती ते काढतात. ती ठिणगी अरगॉनच्या वातावरणात पाडावी लागते. बीएससी होऊन तिथे केमिस्ट म्हणून लागलेल्या मुलाला पहिल्याच पाळीत कळतं, की फे-५०० सळईत कार्बन ०.३० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि गंधक ०.०५५ च्या. टनावारी लोखंड तापत असतं, विजेचं मीटर पळत असतं आणि भट्टीवाला आकड्यासाठी फोन धरून बसलेला असतो. शेजारी दुसरं टेबलच नसतं.

बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात आणि बाहेरून परीक्षक येतात. अशाच एका तोंडी परीक्षेत केदारखेड्याकडच्या एका मुलाला परीक्षकांनी ब्युरेटचं लघुतम माप विचारलं.

"०.१ मिली, सर."

वहीतले तीन जुळे ९.८ बघून परीक्षकांनी मुद्दाम खवचटपणे विचारलं, "आणि रीडिंग कुठलं धरायचं?"

"परमँगनेटला वरची कड, सर. रंगहीन द्रावणाला खालची." मुलगा जरा थांबला, मग त्याला राहवलं नाही. "पण सर, आमच्या केंद्रावर फॅटची नळी डोळ्यासमोर धरतच नाहीत. वरून वाकून बघतात आणि एक रेघ कमी लिहितात. मी परवा दोनदा लावायला लावली. पहिल्यांदा ३.४, नंतर ३.६. दोन्ही जुळेनात, म्हणून तिसऱ्यांदा लावायला लावली."

"मग तिसऱ्यांदा?"

"३.६ च."

परीक्षकांनी वहीवरचा ९.८ पुन्हा एकदा पाहिला, पेन उचललं आणि व्हायवाचे पूर्ण गुण टाकले. त्यांच्याही घरी दोन जर्सी गाई होत्या.