नाना आणि नॅपकिन

पोपटाला फडक्यात गुंडाळून घ्यायची सवय लावतात ती काही लाडाकोडासाठी नव्हे. त्याची नखं वाढतात, चोच वाढते, कधी पंखाला लागतं. मग डॉक्टरांच्या टेबलावर कुणाला तरी त्याला धरावंच लागतं. त्यात पक्षी दुखणं लपवण्यात पटाईत. रानात जो मलूल दिसतो त्याच्यावर शिकऱ्याची नजर आधी जाते, म्हणून अंगात त्राण उरलं नसलं तरी ही मंडळी दांडीवर ताठ बसून दाखवतात. फुगवलेल्या पिसांखाली मांस किती झडलंय हे छातीचं हाड चाचपल्याशिवाय कळत नाही. तेव्हा पकडणं काही चुकत नाही. वाद असतो तो कसं पकडायचं याचा, आणि तो आमच्या घरात चांगलाच रंगला.

आमचे पोपट म्हणजे कॉकटील. लाल चोचीचा आपला हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे (तरी त्याचे पिंजरे राजरोस लटकलेले दिसतात, ते सोडा), म्हणून लेकीने हे ऑस्ट्रेलियन घराणं निवडलं. राखाडी अंग, गालावर शेंदरी टिकली, डोक्यावर तुरा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरतात ९० ग्रॅमच्या आसपास. नाव नाना. आमच्यात एकमेकांना सर्रास अरे-तुरे चालतं, नानांना मात्र अहो-जाहो. "डोक्यावर तुरा मिरवणाऱ्याला अरे-तुरे कसं करायचं?" असं सासूबाईंचं म्हणणं.

हा तुरा मोठा बोलका आहे. तो डोक्याला चिकटून सपाट झाला आणि घशातून फुस्स असा आवाज आला, की आपलं बोट आपण सांभाळावं. ताठ उभा राहिला की स्वारी दचकलीय. अर्धवट मागे कलला की मामला ठीक. हात दिसला की मात्र तुरा सपाट, हे ठरलेलं. यात नानांचं काही चुकत नाही. ज्याच्या सात पिढ्या घारी-ससाण्यांना चुकवण्यात गेल्या, त्याच्यावर वरून पाच बोटं झेपावत आली तर तो दुसरं काय समजणार? म्हणून हात खालून, समोरून आणि सावकाश न्यायचा. पोटाशी, पायांच्या जरा वर बोट टेकवलं की ते आपोआप त्यावर चढतात. दोन बोटं पुढे, दोन मागे अशी त्यांची पकड, आणि नखं वाढलेली असली की ती पकड चांगलीच जाणवते.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच हवा आतबाहेर होते. म्हणजे मूठ प्रेमाने आवळली तरी नाना हातातल्या हातात गुदमरायचे. धरायचं ते जबड्याच्या दोन बाजूंना, अंगठा आणि एका बोटाने. अंगाभोवती कापड सैल आणि छाती मोकळी.

आता हे सगळं नानांच्या गळी उतरवायचं कसं? लेकीने हात पुसायचा एक मऊ, पिवळा नॅपकिन निवडला आणि तो सोफ्याच्या हातावर नुसता टाकून ठेवला. बाकी काही केलं नाही. पिंजऱ्याचं दार उघडं, नाना लांब पडद्याच्या दांडीवर, तुरा उभा. काही दिवसांनी नॅपकिन टीपॉयवर आला. मग त्याच्या कडेला राळ्याचं कणीस आलं. दुकानात त्याला मिलेट म्हणतात आणि त्या नावाचे पैसे घेतात. नाना आले, मान वाकडी करून एका डोळ्याने कापड पाहिलं, दुसऱ्या डोळ्याने पुन्हा पाहिलं, आणि कणसाआधी त्यांनी नॅपकिनची शिवण तपासली. एक दोरा उसवला. तो चोचीत फिरवून टाकून दिला आणि मग जेवायला बसले.

पुढे कडा उचलून त्याचा तंबू झाला, तंबूत कणीस गेलं, कणसामागे नाना गेले. मग कापड क्षणभर पाठीवर, की लगेच दूर. गोम इथेच आहे. त्यांनी धडपड करायच्या आत आपण सोडायचं. चावल्यावर सोडलं तर चावलं की सुटका होते एवढंच ते शिकणार. तेव्हा त्यांना चावायची गरजच पडू नये, इतकं थोडं मागायचं. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशाच पायरीपायरीने दुसऱ्या महायुद्धात कबुतरांना बॉम्बची दिशा सांभाळायला शिकवलं होतं. लष्कराने ती योजना गुंडाळली. आम्हाला फक्त नाना गुंडाळायचे होते.

सासूबाई हे सगळं माळ ओढता ओढता बघत होत्या. त्यांच्या काळी पोराला आडवं पाडायचं, पाय मांडीत दाबायचे, नाक चिमटीत धरायचं आणि बोंडल्याने एरंडेल ओतायचं. माझा नवरा ते एरंडेल प्यालाय आणि अजून त्या वासाने तो खोली सोडतो. "माझ्या चारही पोरांची अशी मर्जी सांभाळत बसले असते, तर एकाचे जंत पडले नसते," सासूबाई म्हणाल्या. यावर लेकीपाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशी होतं, पण मी सून आहे.

मला शुकबहात्तरीतला पोपट आठवत होता. नवरा परगावी गेलेला, प्रभावती रात्री नटूनथटून यार गाठायला निघालेली. मैनेने तिला फटकारलं, तर प्रभावती तिची मानच मुरगळायला धावली. पोपट शहाणा. तो म्हणाला, अवश्य जा, पण अमकीसारखी अक्कल असेल तरच. अमकी कोण, हे ऐकायला ती थांबली. रोज एक गोष्ट, नवरा घरी येईपर्यंत. दाराला कडी नाही की हाताला हात नाही. माणसाला धरून ठेवायची ही विद्या मुळात पोपटांचीच. आम्ही ती ९० ग्रॅमच्या वारसाला व्याजासकट परत करत होतो.

नखं कापायचा दिवस आला. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचा निळा टॉवेल उचलला आणि नानांचा तुरा सपाट, फुस्स सुरू. पिवळ्या कापडाशी झालेली ओळख निळ्याला लागू होत नाही, हे पक्ष्यांच्या बाबतीत अगदी नेहमीचं. लेकीने पिशवीतून उसवलेल्या कडेचा नॅपकिन काढला. नाना आपण होऊन त्याच्यात शिरले, कणीस शोधत. कापून झालं, रक्ताचा थेंब नाही. डॉक्टर म्हणाले, सूर्यफुलाच्या बिया कमी करा, जरा सुटलेत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात दिवसातून कित्येकदा थेंब घालायचे, आणि बाटली दिसली की त्या दोन्ही डोळे गच्च मिटून घेत. मी हात धरू पाहिला, तर त्यांनी झटकला. लेक समोर येऊन बसली. "आजी, मी बाटली नुसती इथे ठेवते. तुला वाटेल तेव्हा सांग."

सासूबाईंनी एक डोळा किलकिला केला.

"बाटली ठेव," त्या म्हणाल्या, "पण आधी शेजारी नारळाची वडी ठेव."