घंटा गळ्यात, बॅग काट्यावर

मे महिन्यात नागभीडहून युरोपला जाणारा माणूस आणि जूनमध्ये तिथून परतणारा माणूस यांच्यात हल्ली एका घंटेचा फरक असतो. गायीच्या गळ्यातल्या घंटेचा. लाल पट्टा, त्यावर पांढरा क्रॉस, खाली पितळी तोंड. दारातच टांगलेली असल्यामुळे घरात शिरायच्या आधी ती डोक्याला लागते. आपण डोकं चोळत "अरे वा" म्हणायचं असतं. मग चहा येतो, आणि चहाबरोबर बारा दिवसांतले सात देश.

यंदा आमच्या लेआऊटमधल्या सरांच्या दारात ती लागली. सर म्हणजे कोण, हे सांगत बसत नाही. प्रत्येक लेआऊटमध्ये एक असतात.

सामान हलकं घ्या, असा टूरवाल्यांचा निरोप महिनाभर आधीच ग्रुपवर पडला होता. खाली टाकायची बॅग २३ किलो, हातातली ७ किलो. सरांचा घरच्या काट्यावर विश्वास नाही, म्हणून बॅग राईस मिलवर गेली. धानाचे कट्टे बाजूला सारून तिचं वजन झालं आणि जास्त भरलं. मग मॅडमनी बॅग हलकी करायला घेतली. स्वेटर निघाला, छत्री निघाली, चालायचे बूट निघाले. चिवडा, शेव, जवसाची चटणी, लिंबाचं लोणचं, धपाटे आणि विजेची किटली एवढं अत्यावश्यक तेवढं राहिलं. कपडे अंगावरचे धरून तीन जोड. काटा तेवीसच्या आत आला आणि मिलमधल्या हमालांनीसुद्धा समाधान व्यक्त केलं.

या हलकेपणातली खोच परतीला कळते. शेव पॅरिसला संपते, चटणी इटलीपर्यंत पुरते, आणि जेवढं पोटात गेलं तेवढी जागा बॅगेत तयार होत जाते. त्या जागेत आयफेल टॉवर शिरतो. किचेनच्या रूपाने, डझनाच्या भावात, टॉवरच्या पायथ्याशी चादरीवर मांडलेला आणि चीनमध्ये जन्मलेला. किचेन चुलतभावंडांना. जवळच्यांना चॉकलेट. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला ३४ अंश झाले की लोक अंगणात येऊन "आज बरं वाटते" म्हणतात. तेव्हा स्विस चॉकलेट नागभीडात चमच्याने खातात. माझी तक्रार नाही, मी चमचा धुऊन परत केला.

घंटा मात्र कुणालाच वाटत नाहीत. ती घरची. १९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'मध्ये नायक-नायिकेच्या मध्ये स्वित्झर्लंडच्या गायीची घंटा आली, आणि तेव्हा कॉलेजात असलेली पिढी पन्नाशी गाठून, कर्ज फेडून, पोरांना पुण्याला पाठवून ती घंटा आणायला निघाली. नायिकेला निदान घंटेबरोबर नायकही मिळाला होता.

झुरिचच्या विमानतळावर काटा आडवा आला. हातातली बॅग सातच्या बरीच वर. तेव्हा सरांनी हलक्या प्रवासाचं दुसरं सूत्र लावलं: अंगावर जे आहे त्याचं वजन होत नाही. एकावर एक तीन शर्ट, त्यावर जॅकेट, जॅकेटच्या खिशांत किचेन, आणि गळ्यात घंटा. हे मॅडमनी मला फोटोसकट दाखवलं. फोटो मी बोटांनी मोठा करून पाहिला. पुढे उंच झेंडी धरलेला टूर मॅनेजर, मागे चाळीसेक माणसं, आणि मधोमध सर, घंटेसह. मला एकदम सगळी सहल उलगडली. बसमधून उतरलं की मोजणी, चढलं की मोजणी. सावली दिसली की सगळे सावलीत, पाणी दिसलं की सगळे पाण्याकडे. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, हे कळपाने ठरवायचं नाही. एखादं दुकानाकडे भरकटलं की मागून हाकारा. आमचा गायकी, म्हणजे गुराखी, रोज हेच करतो, फक्त त्याच्या हाती माईक नाही आणि त्याचं एकही जनावर "व्हेज आहे ना?" म्हणून विचारत नाही. आणि अशा कळपात ज्याच्या गळ्यात घंटा तोच शहाणा म्हणायचा, हरवला तर सापडेल तरी. झुरिचच्याच संशोधकांनी गायींच्या गळ्यात साडेपाच किलोच्या घंटा बांधून पाहिल्या होत्या. गायींचं चरणं कमी झालं आणि रवंथही कमी झालं. पर्यटकांवर हा प्रयोग कुणी केलेला नाही, पण माझ्या निरीक्षणात निष्कर्ष उलटा आहे. घंटा बांधलेल्या पर्यटकाचं चरणं आधीपासूनच चिवड्यावर भागलेलं असतं, आणि रवंथ तर परतल्यावर पोळ्यापर्यंत चालू राहतं. आल्प्सचं रवंथ, व्हेनिसचं रवंथ, तिथल्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात याचं रवंथ.

इथपर्यंत मी हसत होतो. पण याच सरांनी दोन वर्षांपूर्वी एक अर्ज लिहिला होता. सह्यांसाठी तो माझ्याकडेही आला होता. सकाळी लेआऊटमधून जनावरं जातात, शेण पडतं, आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटांनी झोपमोड होते, तरी योग्य तो बंदोबस्त व्हावा. मी सही केली नाही. बाकी बहुतेकांनी केली. तो कळप आता लेआऊटला वळसा घालून, नाल्याच्या कडेने रानात जातो.

स्वित्झर्लंडातही असे सर आहेत, बरं का. आरवांगेन नावाच्या गावात कुरणालगत राहायला आलेल्या मंडळींनी २०२३ मध्ये रात्रीच्या घंटांबद्दल तक्रार केली. गावातल्या हजारावर लोकांनी उलट सह्या केल्या आणि त्या डिसेंबरात गावसभेत कौल दिला तो घंटांच्या बाजूने. आपल्याकडे असा कौल कोण देणार? आपल्या गळ्यातलं आणि पायातलं सगळं आपल्याला मागासच वाटतं. नागपूरला जाणारी आपली अडीच फुटांची छोटी लाईन २०१९ च्या नोव्हेंबरात मोठी होण्यासाठी बंद पडली, तेव्हा हेच सर म्हणाले होते, "बरं झालं, बैलगाडीसारखी चालायची." तेच सर आता तिकडच्या मीटरगेजवरून ३४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोखला गेले, आणि डोंगरातली ती इवलीशी गाडी किती हळू आणि किती सुंदर चालते, याचा नऊ मिनिटांचा व्हिडिओ मला पूर्ण बघावा लागला. मोठ्या लाईनला माझा विरोध नाही, मालही जाईल आणि माणसंही. पण हळू चालणं तिकडे तिकिटाचं आणि इकडे लाजेचं कसं होतं, हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगा. चहा मी पाजतो.

आणि घंटा म्हणजे काय, हे सरांना माहीत नाही असं थोडंच आहे? घोडाझरीकडच्या रानात जनावर झुडपाआड गेलं की दिसत नाही, ऐकूच येतं. गायकी दिवसभर डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त राखण करतो. लाकडी घंटेचा ठोका कुठून येतो, किती दूर, चरतंय की बसलंय, की घाबरून पळतंय. ठोका अचानक थांबला तर तो जागेवरून हलत नाही, आधी बाकीच्यांना आवाज देतो, कारण ब्रह्मपुरी पट्ट्यात वाघ ही काही सफारीतली गोष्ट नाही. मे महिन्यात, जेव्हा ऊन सहन होत नाही म्हणून सर युरोपला जातात, तेव्हा इथल्या बाया पहाटेच तेंदूपानं तोडायला त्याच रानात शिरतात आणि दर हंगामात कुणीतरी परत येत नाही. त्याचा अर्ज कुणी लिहीत नाही. झोपमोडीचा लिहितात!

परवा तोच गायकी सरांच्या दारात उभा होता. कुणाचं तरी वासरू इकडे आलंय का, ते विचारायला आला होता. घंटा दिसली तशी त्याने हातात घेतली, उलटी करून पाहिली, नखाने वाजवली.

"सर, गाय घेतली का जी?"

"नाही रे. स्वित्झर्लंडहून आणली. शो पीस आहे."

"कितीची पडली जी?"

सरांनी आकडा सांगितला. गायकीने घंटा कानाजवळ नेऊन पुन्हा वाजवली, जरा जोरात, एकदा जवळ, एकदा हात लांब करून.

"आवाज बारीक हाये जी हिचा. रानात काई कामाची नाई."

"बरं बरं," सर म्हणाले, "पण वाजवू नको. मॅडम झोपल्या आहेत."